बालचित्रवाणीच्या फिती कुणाच्या?

(जळगाव येथे एका स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची सगळी हयात प्राथमिक शाळेत गेली. त्यामुळे विषय कोणता घ्यावा याचा मला फार विचार करावा लागला नाही. सरकारी पैशातून, म्हणजे तुमच्या-माझ्या पैशातून, मुलांसाठी जो टीव्ही तयार झाला त्याच्याबद्दल मी आज बोलणार आहे. त्याने आपल्याला काय दिलं आणि जे दिलं ते आजच्या मुलांच्या हाती का पडत नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

खानदेशात मुलांसाठीच्या सार्वजनिक माध्यमाची सुरुवात टीव्हीच्या साठ वर्षं आधी झाली, असं मी मानते. १९२४ साली साने गुरुजी अमळनेरला शिक्षक म्हणून आले. पुढे वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि तिथल्या मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक सुरू केलं. दैनिक म्हणजे खरोखरच रोजचं. शाळा, अभ्यास, मुलांची आजारपणं, हे सगळं सांभाळून हा माणूस रात्री बसून उद्याचा अंक हाताने लिहायचा. त्यात जगातल्या घडामोडी असत, थोरामोठ्यांची चरित्रं असत, गोष्टी असत. वर्गणी नाही, जाहिरात नाही. वसतिगृहातल्या कुठल्याही मुलाने यावं आणि वाचावं. मुलांसाठीचं सार्वजनिक माध्यम कसं असावं, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. मुलाला गिऱ्हाईक न मानता त्याच्यासाठी उत्तमातलं उत्तम तयार करायचं आणि ते त्याच्या दाराशी नेऊन ठेवायचं, हे काम अमळनेरला एका माणसाने केलं. पुढे तेच काम करायला सरकारला उपग्रह लागला.

आता टीव्हीकडे येते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. मुंबई-पुण्याची माझ्या वयाची माणसं ‘किलबिल’ या मुलांच्या कार्यक्रमाची आठवण काढतात तेव्हा त्यांचे चेहरे उजळतात. आपल्याकडे तेव्हा टीव्हीच नव्हता. १९७५-७६ साली ‘साइट’ हा प्रयोग झाला, अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले, त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मात्र तो प्रयोग उभा करणाऱ्यांत आपली माणसं होती. प्रयोगाची सूत्रं सांभाळणारे एकनाथ चिटणीस कोल्हापूरचे. मुलांसाठीच्या कार्यक्रमांची धुरा ज्यांनी वाहिली त्या विजया मुळे यांचा जन्म मुंबईचा. पक्ष्यांचा थवा जाळ्यासकट उडून जातो, ते चिमुकलं कार्टून तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. ‘एक अनेक और एकता’ त्याचं नाव, १९७४ चं. ते विजयाबाईंनी केलेलं आहे. सात-आठ मिनिटांची फिल्म, पण आज पन्नाशीतल्या माणसालाही तोंडपाठ असते. मुलांसाठी केलेलं काम किती काळ टिकतं, याचा हा पुरावा समजा.

१९८२ नंतर चित्र झपाट्याने बदललं. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह आकाशात गेला आणि १९८४ साली देशात जवळपास रोज एक या वेगाने प्रक्षेपक उभे राहिले. त्यातले बहुतेक शंभर वॅटचे, वीस-पंचवीस किलोमीटरच्या टापूत दिसेल एवढ्या ताकदीचे. जिल्ह्याच्या गावात चित्र स्वच्छ, आणि सातपुड्याकडे सरकाल तशा पडद्यावर मुंग्या. शिवाय या मनोऱ्यांवरून सुरुवातीला दिल्लीचंच प्रसारण यायचं. घरात अहिराणी किंवा लेवा बोली, शाळेत मराठी आणि टीव्हीवर हिंदी, अशा तीन भाषांत आपली मुलं वाढली.

त्याच १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. कागदोपत्री तिचं नाव राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था. इन्सॅटच्या शैक्षणिक कार्यक्रमांसाठी देशात अशा सहा राज्यांत संस्था निघाल्या, त्यातली एक महाराष्ट्राला मिळाली. सेनापती बापट रस्त्यावर बालभारतीच्या शेजारी तिचा स्टुडिओ उभा राहिला. आखणी साधी होती. शाळेच्या वेळेत पाऊण तासाचं प्रसारण, त्यात वीस मिनिटं पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आणि वीस मिनिटं नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी. ही वयाची वाटणी मला फार मोलाची वाटते. सहा वर्षांचं मूल आणि दहा वर्षांचं मूल यांच्याशी एकाच तऱ्हेने बोलता येत नाही, हे कुणीतरी बसून विचार करून ठरवलेलं होतं. आज मुलांसमोर जो चोवीस तासांचा धबधबा कोसळतो आहे, त्यात हा विचार मला क्वचित दिसतो.

मी तेव्हा चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी एका दोनशिक्षकी शाळेत होते. आमच्या शाळेला टीव्ही मिळाला. लाकडी पेटीतला, पुढे सरकत्या फळ्यांचं शटर, त्याला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. अँटेना लोखंडी पाइपाला बांधून कौलांवर उभी केलेली. कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी एक मोठा मुलगा वर चढायचा. खालून मुलं ओरडायची, अजून फिरव, थोडा उलटा, बस बस, आलं! खिडक्यांना आम्ही घोंगड्या लावायचो, नाहीतर उजेडात पडदा दिसत नसे. बसकरपट्ट्यांवर चौथीपर्यंतची सगळी मुलं, आणि दारात गावातली दोन-चार माणसं.

एकदा समुद्रावरचा कार्यक्रम लागला. कोळी, होड्या, जाळी, भरती-ओहोटी. एक पावरा मुलगा, वर्गात जवळपास न बोलणारा, उठून उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, याचा पल्याडचा काठ कुठंय?” त्याने तापी पाहिली होती, अनेर पाहिली होती. पाण्याला दोन काठ असतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी भूगोलाचा तास दोन तास चालला. तो मुलगा त्यानंतर वर्गात बोलू लागला. मी त्याला समुद्र दाखवू शकत नव्हते, माझ्या पगारात ते शक्य नव्हतं आणि शाळेच्या अनुदानातही नव्हतं. एका सार्वजनिक संस्थेने तो त्याच्यापर्यंत आणला आणि त्याच्याकडून एक पैसाही घेतला नाही.

त्या व्यवस्थेत उणिवा होत्या, त्या झाकून बोलणं एका प्राथमिक शिक्षकाच्या नावाने चाललेल्या या मंचावर शोभणार नाही. बालचित्रवाणीची मराठी माझ्या कानाला बहुतांशी पुण्याची मराठी वाटे. आमच्या पोरांना ती कळायची, पण ती आपली आहे असं वाटायचं नाही. पावरा, भिल्ल, तडवी मुलांची भाषा मी त्या पडद्यावर ऐकल्याचं मला आठवत नाही. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं, १९९८ पर्यंत. अक्राणी-अक्कलकुव्यातल्या मुलांना तर मराठी ही शाळेत येऊन शिकायची भाषा. त्यातच विजेचा प्रश्न. भुसावळजवळ दीपनगरला वीज तयार होते, आणि आमच्या शाळेत नेमकं प्रसारणाच्या वेळी भारनियमन. कार्यक्रम गेला तो गेला. पुन्हा बघण्याची सोय नाही. कितीतरी शाळांत टीव्ही बिघडला आणि दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून पेटीसकट कोपऱ्यात पडून राहिला. कार्यक्रम बनवण्यावर सरकारने जितका विचार केला, तितका तो शेवटच्या शाळेत दिसतो की नाही यावर केला नाही.

आणि दिसणं ही किरकोळ बाब नव्हे. अमेरिकेत १९६९ साली ‘सेसमी स्ट्रीट’ सुरू झालं. त्या देशात काही शहरांत ते चांगल्या लहरींवर यायचं, काही शहरांत यूएचएफ नावाच्या कमजोर लहरींवर, म्हणजे तिथल्या बऱ्याच घरांत ते नीट दिसतच नसे. मेलिसा कर्नी आणि फिलिप लेव्हिन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी पुढे कित्येक वर्षांनी हाच फरक धरून अभ्यास केला. ज्या भागात कार्यक्रम स्वच्छ दिसत होता, तिथली मुलं शाळेत आपल्या वयाच्या इयत्तेत असण्याचं, मागे न पडण्याचं प्रमाण जास्त निघालं. कार्यक्रम तोच, कलाकार तेच. फरक फक्त अँटेनावर काय येत होतं याचा. आमच्या कौलावर चढणाऱ्या मुलाची धडपड काय मोलाची होती, हे तो अभ्यास वाचल्यावर मला आकड्यांत कळलं.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. खासगी वाहिन्या आल्या. १९९४ मध्ये दूरदर्शनची मराठी वाहिनी आली, २००० साली तिचं नाव सह्याद्री झालं. बालचित्रवाणीचं अनुदान आटत गेलं, माणसं कमी होत गेली, पगार थकले आणि २०१७ साली राज्य सरकारने ती संस्था बंद केली. तेहतीस वर्षं चाललेलं काम थांबलं. त्यावर फारसा आवाज उठला नाही. दोन-चार बातम्या, काही हळहळ, बस.

जेमतेम तीन वर्षांनी, २०२० च्या मार्चमध्ये शाळांना कुलपं लागली. सगळीकडून एकच शब्द ऐकू यायला लागला, ऑनलाइन. त्या वर्षीच्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सुमारे ६२ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचं दिसलं. म्हणजे दर दहातल्या चार मुलांच्या घरी नव्हता. आणि असला तरी तो बापाच्या खिशात, दिवसभर शेतात नाहीतर केळीच्या ट्रकवर. तेव्हा सरकारला आणि समाजाला पुन्हा टीव्ही आठवला. २० जुलै २०२० पासून सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. पहिली ते आठवी, प्रत्येक इयत्तेचे साठ, असे ४८० भाग. एमकेसीएलच्या नॉलेज फाउंडेशनने ती मालिका केली. तिच्यात वर्ग नव्हता, फळा नव्हता. घर, अंगण, आई-बाप, भावंडं आणि हाताशी असलेल्या वस्तू घेऊन शिकणं होतं. फार चांगलं काम होतं ते, आणि मी ते करणाऱ्यांची मनापासून ऋणी आहे. पण माझ्या मनात तेव्हा आलेला प्रश्न अजून तसाच आहे. मुलांसाठी कार्यक्रम करायला शिकलेली माणसं, स्टुडिओ, संग्रह, हे सगळं या राज्याकडे तेहतीस वर्षं होतं. ते तीनच वर्षं आधी मोडलं नसतं, तर त्या जुलैची वाट पाहावी लागली असती का?

काही तरुण शिक्षक मला म्हणतात, ताई, आता यूट्यूबवर सगळं आहे, टीव्ही कशाला? त्यांना माझं सांगणं आहे. मोबाइल मुलाकडून काही ना काही घेतो. डेटा घेतो, त्याचं लक्ष जाहिरातदाराला विकतो, एक संपायच्या आत दुसरं पुढे ढकलतो. सार्वजनिक टीव्हीने मुलाकडून काही घेतलं नाही. वीस मिनिटांनी तो संपायचा आणि मूल अंगणात पळायचं. संपणं हा त्याचा गुण होता. शिवाय तो सगळ्यांच्या समोर लागायचा. आजी बघायची, आई भाकरी थापता थापता बघायची, मास्तर बघायचे. मुलाला काय दाखवलं जातंय ते सगळ्या घराला ठाऊक असायचं.

आणि टीव्ही गेलेला नाही. २००४ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेली दूरदर्शनची मोफत थाळी, आजची फ्री डिश, आजही देशात कोट्यवधी घरांवर आहे. यावल, शिरपूर, साक्रीच्या पाड्यांवर जा, कुडाच्या घरावर ती दिसेल. एकदा थाळी बसवली की महिन्याचं भाडं नाही. केंद्र सरकारच्या पीएम ई-विद्याच्या शैक्षणिक वाहिन्या तिच्यावर आहेत, त्या आपण आपल्या शाळांत किती जणांनी लावून पाहिल्या, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं. पण शेतकऱ्यांसाठी २०१५ साली दूरदर्शनने स्वतंत्र किसान वाहिनी काढली, तशी मुलांसाठी, नुसत्या अभ्यासक्रमासाठी नव्हे तर गोष्टी-गाणी-नाटक-विज्ञान यांसाठी वाहिनी काढली नाही. मराठीत तर हा विचारच झाला नाही. अभ्यास म्हणजे बालपण नव्हे, आणि मुलांच्या टीव्हीचा अर्थ शिकवणी एवढाच घेतला की त्यातला आनंद आधी जातो आणि मूलही पाठोपाठ निघून जातं.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. बालचित्रवाणीच्या हजारो कार्यक्रमांचा संग्रह. तेव्हाचं चित्रीकरण चुंबकीय फितींवर व्हायचं, आधी यू-मॅटिक, मग बीटाकॅम. चुंबकीय फीत काही दशकांत खराब होते. दमट हवेत तिचा थर चिकट होतो, सुटतो, बुरशी धरतो. फीत टिकली तरी ती चालवायला यंत्र लागतं, आणि ती यंत्रं आता मोडीत मिळतात. ही हानी आपल्याकडेच होते असं नाही. बीबीसीसारख्या संस्थेने साठ-सत्तरच्या दशकात जागा आणि पैसा वाचवण्यासाठी आपल्याच फिती पुसल्या. घरोघरी मुलं जी बघायची त्या ‘डॉक्टर हू’ मालिकेचे कितीतरी भाग त्यात गेले, आणि पुढे त्याच देशात लोक माळ्यावरची खोकी उघडून ते शोधत बसले.

आता कायदा काय म्हणतो पाहा. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार सरकारी कामावर आणि चित्रपटावर प्रकाशनानंतर साठ वर्षं हक्क राहतो. बालचित्रवाणीचा १९८४ साली दाखवलेला कार्यक्रम आपोआप सर्वांना मोकळा होईल तो १ जानेवारी २०४५ रोजी. फीत तोवर जगणार नाही. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ च्या पहिल्या दिवसापासून ‘श्यामची आई’ कुणालाही छापता येते, वाचून रेकॉर्ड करता येते, ब्रेलमध्ये करता येते. पुस्तकाला साठ वर्षं वाट पाहणं परवडलं, कारण ते हजारो घरांत होतं. फितीची प्रत एखाद-दुसऱ्या कपाटात असते.

पण साठ वर्षं थांबण्याची सक्ती कायद्याने केलेली नाही. हक्क ज्याचा आहे तो आज ठरवून तो मोकळा करू शकतो. बालभारतीची पाठ्यपुस्तकं आज पीडीएफ स्वरूपात कुणालाही फुकट उतरवून घेता येतात, तो निर्णय याच राज्याने घेतला. दुसरं उदाहरण अरविंद गुप्ता यांचं. दूरदर्शनच्या ‘तरंग’साठी त्यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणाऱ्या सव्वाशेच्या आसपास फिल्म केल्या. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञानशोधिकेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळण्यांचे लहान लहान व्हिडिओ केले, मराठीसह अनेक भाषांत आवाज दिला आणि सगळं मोफत ठेवलं. परवानगी मागायची नाही, पैसे भरायचे नाहीत. माझ्या माहितीतल्या कितीतरी शिक्षकांनी त्यावरून काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे त्रिकोण वर्गात केले आहेत. वारसा असा जिवंत राहतो.

आपल्याकडे पडदे तयार आहेत. धुळे जिल्ह्याने तर यात राज्याला वाट दाखवली. हर्षल विभांडिक यांच्या पुढाकाराने आणि गावोगावच्या लोकवर्गणीने तिथल्या अकराशेच्या आसपास जिल्हा परिषद शाळा डिजिटल झाल्या. मजुरी करणाऱ्या बायांनी पाचाची, दहाची नोट टाकून आपल्या मुलांच्या शाळेला पडदा घेतला. ज्या राज्यातल्या आया पडद्यासाठी वर्गणी काढतात, त्या राज्याने त्या पडद्यावर लावायला स्वतःकडचे कार्यक्रम द्यायला काय हरकत आहे?

एक गोष्ट राहिली, तिच्याशिवाय हे बोलणं अपुरं राहील. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत वर्गात एक कर्णबधिर मुलगी होती. पडदा लागला की ती पडद्याकडे न बघता बाकीच्या मुलांच्या चेहऱ्यांकडे बघायची. ती हसली की समजायचं, बाकीचे हसले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ४२ व्या कलमात सांकेतिक भाषा, पडद्यावरची अक्षरं आणि दृश्याचं वर्णन यांची तरतूद स्पष्ट लिहिली आहे. पीएम ई-विद्येत सांकेतिक भाषेची स्वतंत्र वाहिनीही २०२४ च्या डिसेंबरमध्ये आली. तेव्हा जुन्या फिती नव्या करायच्याच असतील तर त्या नुसत्या झाडूनपुसून देऊ नका. खाली मराठी अक्षरं टाका, कोपऱ्यात सांकेतिक भाषेत सांगणारी व्यक्ती दाखवा, अंध मुलासाठी वर्णन जोडा. अहिराणी, पावरी, भिलीत आवाज द्या. त्या भाषा बोलणारे डी.एड. झालेले शेकडो तरुण जळगाव आणि धुळे या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहेत आणि या कामासाठी त्यांना पुण्याला जाण्याचीही गरज नाही.

म्हणून या मंचावरून माझ्या मागण्या मांडते. शालेय शिक्षण विभागाने बालचित्रवाणीच्या सगळ्या फितींची यादी जाहीर करावी: किती आहेत, कुठे आहेत, किती चालतात. ज्या चालतात त्यांची तातडीने डिजिटल प्रत करावी. ती प्रत सर्वांसाठी खुली आहे असं लेखी जाहीर करावं, म्हणजे कुठल्याही शिक्षकाला ती दाखवताना, भाषांतर करताना भीती वाटणार नाही. आणि सह्याद्रीवर रोज सकाळी अर्धा तास मुलांना परत द्यावा.

तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. सभागृहाच्या दाराशी या मागण्यांचं निवेदन ठेवलं आहे, जाताना त्यावर सही करा. आणि कुणाच्या घरी, शाळेच्या कपाटात, केंद्रप्रमुखांच्या कचेरीत बालचित्रवाणीच्या कार्यक्रमाची एखादी जुनी व्हीएचएस कॅसेट पडून असेल, तर ती भंगारात देऊ नका. संयोजकांकडे आणून द्या, तिची प्रत करून घेण्याचा खर्च मी करीन.